समुद्राला जाणारं पाणी

नदीचं पाणी समुद्राला मिळालं की ते वाया गेलं, हे वाक्य मी वर्गात शिकवलं, ग्रामसभेत बोललो, श्रमदानाच्या दिवशी बांधावर उभं राहून पोरांना ऐकवलं. आज ते माझ्या तोंडून निघत नाही. माझं मत बदललं आहे. ते का बदललं हे सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण जी माणसं आजही हे वाक्य कळवळ्याने म्हणतात त्यांच्यातच माझं आयुष्य गेलं आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर तसाच आहे.

मी माणदेशातला, भूगोलाचा शिक्षक. ज्या मुलखात वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर बरं वर्ष म्हणतात, तिथं हे मत कुणाला शिकवावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर माती वाहायचे आणि आम्हा मुलांना सुकडी मिळायची. ज्या तलावाची माती आईने डोक्यावरून वाहिली त्याला पुढे पाणी आलेलं पाहिलं, तेव्हा अडवलेलं पाणी म्हणजे जगणं आणि वाहून गेलेलं पाणी म्हणजे मरण, एवढंच माझ्या मनात ठसलं. आमची माणगंगा पावसाळ्यात चार-सहा वेळा गढूळ होऊन धावायची आणि पंढरपूरच्या खाली भीमेला मिळायची. ते धावणारं पाणी बघून काठावरची म्हातारी माणसं हळहळायची, "चाललं बाबा सगळं." मीही हळहळायचो.

आणि आमच्यापासून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर महाबळेश्वर. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कृष्णा तिथं उगम पावते. अरबी समुद्र तिथून पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, पण पठाराचा उतार पूर्वेकडे असल्याने ती त्याच्याकडे पाठ फिरवते. मग वाई, कऱ्हाड, सांगली करत, कर्नाटक आणि तेलंगणा ओलांडून, सुमारे चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. नकाशावर ही वाट मुलांना दाखवताना माझ्या आवाजात नेहमी एक तक्रार असायची. एवढी लांबची वाट, आणि आपल्या वाट्याला काय?

त्या तक्रारीला राजकीय बळही होतं. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी कृष्णेत खात्रीने मिळेल असं पाणी २०६० टीएमसी धरलं आणि त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० असं वाटून दिलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. त्याआधी आपल्या हिश्श्याचं पाणी अडवलं पाहिजे या घाईत १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. ‘आमच्या हक्काचं पाणी वाहून जातंय’ ही त्या दशकातली घोषणा मी भिंतींवर वाचली आहे, आणि मला ती भूगोलाच्या पुस्तकाइतकीच खरी वाटायची. दुष्काळी माणसाला ती आजही खरी वाटते. त्यात त्याचा दोष नाही.

माझ्या मनात पहिली शंका आली ती एका साध्या आकडेवारीने. निवृत्तीनंतर जुन्या टिपणवह्या नीट करत होतो. जगातल्या पाण्याचा तक्ता मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो: एकूण पाण्यापैकी गोडं पाणी अडीच टक्के, त्यातलं दोनतृतीयांशाहून अधिक बर्फात, तीस टक्क्यांच्या आसपास जमिनीखाली, आणि नद्यांमध्ये नगण्य. जगातल्या सगळ्या नद्यांच्या पात्रांत कुठल्याही एका क्षणी मिळून साधारण दोन हजार घन किलोमीटर पाणी असतं. त्याच वहीत दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं, की याच नद्या वर्षाला समुद्रात सुमारे चाळीस हजार घन किलोमीटर पाणी नेऊन सोडतात. ही दोन्ही पानं मी कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती. पात्रात आहे त्याच्या वीसपट पाणी वर्षात वाहून जातं, म्हणजे पात्रातलं पाणी दर दोन-तीन आठवड्यांनी नवं येतं. मग पाऊस ऑक्टोबरमध्ये थांबल्यावर फेब्रुवारीत, मार्चमध्ये जी नदी वाहते तिच्यात रोज नवं पाणी घालतं कोण?

उत्तर मला ठाऊक होतं. जमिनीत मुरलेलं पाणी झऱ्यांतून नदीत येतं, हे पाचवीच्या मुलालाही सांगता येईल. पण ठाऊक असणं आणि त्याचा हिशेब मांडणं यात फरक आहे. धरणातून सोडलेलं पाणी बाजूला ठेवलं, तर पावसाळ्यानंतर नदीत दिसतं ते जवळजवळ सगळं पाणी जमिनीने दिलेलं असतं. नदी ही पावसाची असते चार महिने आणि जमिनीची आठ महिने. ही गोष्ट मी आयुष्यभर फक्त पावसाच्या बाजूने शिकवली होती.

मग मी मागे जाऊन वाचू लागलो. सतराव्या शतकात पिएर पेरॉ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होऊन गेला, सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरॉचा भाऊ. पावसाच्या पाण्याने एवढ्या मोठ्या नद्या भरणं शक्य नाही, समुद्राचंच पाणी जमिनीखालच्या भुयारांतून डोंगरात चढतं आणि झऱ्यांतून बाहेर पडतं, असं त्या काळी युरोपातले मोठमोठे विद्वान मानत. पेरॉने मोजून पाहायचं ठरवलं. सेन नदीच्या उगमाजवळचा छोटा टापू घेतला, तिथं पाऊस किती पडतो ते पाहिलं आणि नदीतून पाणी किती जातं याचा अंदाज बांधला. पाऊस नदीच्या सहापट निघाला. १६७४ मध्ये त्याने हे छापलं, आणि पाण्याच्या शास्त्राची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलीने त्यानंतर थोड्याच वर्षांत भूमध्य समुद्रावरून वाफ किती उडते याचा हिशेब मांडला, आणि वर्तुळाची दुसरी बाजूही जुळली.

पेरॉची गोष्ट मी आधीही ऐकली होती, पण ‘पाऊस पुरून उरतो’ इथंच थांबलो होतो. या वेळी प्रश्न पडला तो उरलेल्या पाच भागांचा. सहा भाग पडले, एक नदीत गेला, बाकीचे पाच कुठे गेले? ते मातीने प्यायले, गवताने, झाडांनी, पिकांनी घेतले आणि वाफ करून परत आकाशात पाठवले. जगाचा हिशेब पाहिला तर जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग असाच परत वर जातो. कोरड्या मुलखात हे प्रमाण आणखी मोठं. म्हणजे माणदेशात नदीत येणारा वाटा मुळातच थोडा. माझं सगळं भांडण त्या थोड्याशा वाट्याशी होतं, आणि मोठा खर्च आमच्या डोक्यावरून होत होता. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, आमच्या पावसाच्या चौपट. शाळू काळ्या रानातल्या ओलीवर उभा राहतो. उघड्या तळ्याच्या पृष्ठभागावरून आमच्यासारख्या भागात वर्षाला दीड मीटरहून जास्त पाणी उडून जातं. तरीही बोअरने जमिनीच्या पोटातलं पाणी उपसायचं, प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उन्हात आणून ठेवायचं, आणि त्याला पाणी साठवलं म्हणायचं, हे मी आजूबाजूला पाहत होतो आणि त्याचं कौतुकही करत होतो. नदीवाटे समुद्राला गेलेलं पाणी मला डोळ्यांनी दिसायचं. आकाशात गेलेलं दिसत नव्हतं.

पुस्तकांनी शंका दिली, पण मत फिरवलं ते एका माणसाने. आमच्याकडे विहिरी खणण्यात आयुष्य घालवलेले एक म्हातारे होते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. शाळेत ते गेले नव्हते. पण दख्खनच्या पठाराचा उभा छेद त्यांच्याइतका नीट मला कुठल्या पुस्तकाने दाखवला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि भाकरींची चवड रचावी तसे थर बसले, हे मी शिकवायचो. तात्या त्या थरांतून खाली उतरलेले होते. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला दगड, खाली मांजऱ्या, त्याखाली काळा फत्तर, दोन थरांच्या मधे कुठे तांबडा गेरू. पाणी कुठे लागणार ते त्यांना थरावरून कळायचं. मांजऱ्यात पोकळ्या असतात, भेगा असल्या की त्यांतून पाणी सरकतं. काळ्या फत्तरात फट नसेल तर त्यात थेंबही राहत नाही, आणि वरून आलेलं पाणी त्याच्या पाठीवरून आडवं चालू लागतं, ते ओढ्याच्या काठाला नाही तर विहिरीच्या पाखात बाहेर पडतं.

एकदा मी त्यांना म्हणालो, "तात्या, नदीकाठच्या विहिरी भाग्यवान. नदी त्यांना पाणी देते."

ते म्हणाले, "गुरुजी, नदी कुठं इहिरीला पानी देती? रानातलं जास्तीचं झालं की ते नदीत उतरतंय. पूर आल्यावर चार दिवस उलटं असतंय, येवढंच."

मी गप्प बसलो. भूगोलाच्या भाषेत हीच गोष्ट अशी सांगतात, की भूजलाची पातळी पात्राच्या तळापेक्षा वर असेल तर जमीन नदीला पाणी देते, खाली गेली तर नदी जमिनीत मुरते. एकच नदी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या महिन्यांत ही दोन्ही कामं करते. हे मी शिकवलेलंच होतं. पण तात्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की नदी वाहते आहे म्हणजे दोन्ही काठांच्या रानात अजून पाणी शिल्लक आहे. वाहणारी नदी ही रानाच्या पोटाची नाडी. ती जानेवारीत थांबली, तर वाईट बातमी नदीची नसून रानाची असते. आणि मी त्याच वाहण्याला नासाडी म्हणत होतो.

त्यानंतर मला एक शास्त्रीय गोष्ट कळली, ती वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. ऑक्सिजन-१८ थोडा जड असतो. आज पडणाऱ्या पावसात त्याचं प्रमाण एक असतं, आणि जमिनीत आधीपासून मुरून बसलेल्या पाण्यात दुसरं. त्यावरून ओढ्याच्या पाण्यात ताजा पाऊस किती आणि जुनं पाणी किती हे वेगळं काढता येतं. कॅनडात स्क्लॅश आणि फार्व्होल्डन या संशोधकांनी असं करून पाहिलं आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध केलं, की पावसाने ओढा फुगतो तेव्हाही त्यातला मोठा वाटा जुन्या पाण्याचा असतो. पुढे ओल्या आणि झाडी असलेल्या अनेक प्रदेशांत असंच दिसलं. नवा पाऊस जमिनीत शिरतो आणि तिथं आधीच असलेल्या पाण्याला बाहेर लोटतो. म्हणजे अशा मुलखात पूरसुद्धा जमिनीतून येतो.

आमच्याकडे तसं होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेतल्या रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ मध्ये मांडलं होतं, की जमीन ज्या वेगाने पाणी पिऊ शकते त्यापेक्षा पाऊस जोरात आला की उरलेलं पाणी पृष्ठभागावरून धावत सुटतं. गवत गेलेला, माती धुपून मुरूम उघडा पडलेला महादेव डोंगराचा उतार म्हणजे हॉर्टन यांच्या मांडणीचं उघडं उदाहरण. माणगंगेचा तो गढूळ लोंढा ताज्या पावसाचाच असतो, आणि त्याचा गढूळपणा म्हणजे आमची माती. दोन्ही वर्णनं खरी आहेत, जागा वेगळ्या आहेत. पण यातून एक प्रश्न उभा राहतो: आपल्याला पाणी थांबवायचं आहे कुठे? उतारावर, मातीत, म्हणजे पाऊस जिथं पडला तिथं? की खाली पात्रात, जिथं ते सगळं गोळा होऊन आलं आहे तिथं? मी आयुष्यभर दोन्हींना ‘पाणी अडवणं’ असं एकच नाव दिलं. आता देणार नाही.

हा फरक आमच्या ओढ्याने मला दाखवला. खोलीकरणाची लाट आली तेव्हा मीही वर्गणी गोळा केली. पोकलेन आला. पात्रातला गाळ निघाला, इथवर चांगलंच होतं. मग वाळू निघाली, मग मुरूम, मग तळाचा मऊ खडक. ओढा रुंद आणि खोल, सरळसोट चर झाला. पावसाळ्यानंतर त्यात पाणी साचलं आणि आम्ही आनंदाने फोटो काढले. पण काठावरच्या विहिरींचं पाणी दिवाळीनंतर पूर्वीपेक्षा लवकर खाली जाऊ लागलं. कारण अवघड नव्हतं. पूर्वी दोन्ही काठांच्या जमिनीतलं पाणी ओढ्याच्या जुन्या तळापर्यंत उतरून तिथं थबकायचं. तळच खाली गेला, तर पाण्याला खाली उतरायला नवी वाट मिळाली. चरात चमकत होतं ते पाणी नवं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या रानांतलं होतं, सावलीतून काढून उन्हात आणलेलं. प्रत्येक ठिकाणी असं होत नाही. जिथं फक्त साचलेला गाळ काढला आणि खालचा थर तसाच ठेवला, तिथं फायदा झालेला मी पाहिला आहे. खालचा थर कोणता, हे खोदण्याआधी कुणी विचारलं नाही, ही माझी हरकत आहे.

आणि वाळू. माणगंगा वर्षातले बहुतेक महिने कोरडी दिसायची, पण ती कोरडी नव्हती. भरड वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत तिच्या आकारमानाच्या पाव हिश्शाइतकं तरी पाणी राहतं. वरची हातभर वाळू तापून कोरडी पडली की खालच्या पाण्याची वाफ होत नाही. एप्रिलमध्ये बायका पात्रात हाताने झरा उकरायच्या, वाटीने कळशी भरायच्या, आणि ते पाणी गार असायचं. बांधकामासाठी ती वाळू ट्रकांनी गेली. एकही बंधारा न बांधता निसर्गाने दिलेला आमचा सगळ्यात मोठा साठा आम्ही ब्रासच्या भावाने विकू दिला. त्या काळात मी वर्गात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहून घेत होतो आणि शाळेमागून ट्रक जात होते. हे दुःख माझ्या मनातून जात नाही.

आता समुद्राकडे येतो, कारण मूळ वाक्य त्याच्याविषयी होतं.

कृष्णेवर विजयवाड्याला पहिला मोठा बांध १८५५ मध्ये पुरा झाला. त्याच्या जागी १९५७ मध्ये प्रकाशम बंधारा आला. वर कोयना, उजनी, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. कोयनेचं पुष्कळसं पाणी तर बोगद्यांतून पोफळीला उतरून वाशिष्ठीवाटे थेट अरबी समुद्राला जातं, तिच्या स्वतःच्या खोऱ्यात परतच येत नाही. सगळ्यांनी मिळून आपापला हिस्सा अडवला, आणि २००१ ते २००४ च्या दुष्काळी वर्षांत कृष्णेचं पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत जवळजवळ पोचलंच नाही. माझ्या जुन्या मताप्रमाणे हा मोठा विजय होता. थेंबही वाया गेला नाही.

पण नदी समुद्राला नुसतं पाणी नेत नाही. ती गाळ नेते. कृष्णाकाठच्या ज्या मळीच्या रानात वांगी आणि हळद पिकते, ती मळी नदीने आणून टाकलेली आहे. तशीच मुखाशी तिने हजारो वर्षं आणून टाकलेल्या मातीवर कृष्णेचा त्रिभुज प्रदेश उभा आहे, आणि तिथं माणसं भात पिकवतात. गाळ धरणांत अडकला की समुद्राच्या लाटा किनारा खात राहतात आणि भरून काढायला मागून काही येत नाही. कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी किनाऱ्याची धूप होते आहे. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारं पाणी खाडीतून, भूजलातून आत सरकतं. तिथल्या शेतकऱ्याच्या विहिरीला खारट चव आली, तर त्यात आमच्या ‘वाया न गेलेल्या’ पाण्याचा काही हिस्सा आहे, हे मला मान्य करावं लागतं.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. नदी क्षार नेते. खडक झिजताना सुटलेलं मीठ, खतांतून आलेलं मीठ, पाटाच्या पाण्यातून रानात पसरलेलं मीठ. पाणी वाफ होऊन जातं, मीठ जात नाही. ते धुऊन समुद्राला नेण्याचं काम वाहणाऱ्या पाण्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी बारमाही उसाखालची जमीन मोठ्या प्रमाणावर क्षारपड झाली आहे. एके काळी सोन्यासारखी असलेली काळी जमीन वर पांढरी फुटलेली मी पाहिली. एका शेतकरी मित्राने ती मूठभर उचलून माझ्या हातावर ठेवली. त्या रानाला पाणी कमी पडलं नव्हतं. पाणी निघून जायची वाट नव्हती. ज्या खोऱ्यातून काहीच बाहेर जात नाही, त्या खोऱ्यात सगळंच साचत जातं.

आणखी एक. नद्यांचं गोडं पाणी बंगालच्या उपसागरावर हलक्या थरासारखं पसरतं. ते खालच्या खाऱ्या, जड पाण्यात लवकर मिसळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग ऊबदार राहतो, आणि तिथं ढग आणि कमी दाबाचे पट्टे तयार व्हायला मदत होते. त्यात गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा फार मोठा आणि कृष्णेचा त्यामानाने लहान आहे, म्हणून मी जास्त दावा करत नाही. पण माणदेशाला जो काही भरवशाचा पाऊस मिळतो तो सप्टेंबरात, परतीच्या सुमाराला, आणि तो पुष्कळदा उपसागरातल्या कमी दाबामुळेच येतो. समुद्राला मिळालेलं पाणी चक्रातून बाहेर पडलेलं नसतं, हे जलचक्राची आकृती काढणाऱ्या शिक्षकानेच विसरावं, याचं मला आश्चर्य वाटतं.

माझा एक जुना सहकारी या सगळ्यावर चिडून म्हणाला, "म्हणजे आम्ही तहानेने मरायचं आणि आंध्रातले मासे जगवायचे?" त्याच्या रागाला आधार आहे. टेंभूचं, उरमोडीचं, जिहे-कठापूरचं पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांत आणायला लोकांनी किती वर्षं वाट पाहिली हे मला माहीत आहे. ते पाणी आलं तेव्हा मीही ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. त्या योजनांना माझा विरोध नाही. कृष्णेकडून पिण्यापुरतं, जनावरांपुरतं, एका हंगामाच्या पिकापुरतं पाणी मागणं हा आमचा हक्कच आहे. पण उपसून, वीज जाळून, डोंगर चढवून आणलेल्या त्या पाण्यावर माणदेशात ऊस उभा राहतो तेव्हा मात्र मी गप्प बसू शकत नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या आकारावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं, आणि त्यावर ऊस चालणार नाही असं ठरवलं. पाणी अडवण्याआधी ते कशाला वापरायचं हे ठरवणारी ती माणसं माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. हिवरे बाजारने दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली आणि शेतीसाठी बोअर घेऊ दिले नाहीत, त्यातही हीच समज आहे.

माझं आजचं मत असं. उतारावर समतल चर, बांधबंदिस्ती, गवत, झाडं, जेवढं करता येईल तेवढं करावं. तिथं थांबलेला पाऊस मातीत जातो, माती वाचवतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी सावकाश नदीतच येतो. पाझर तलाव हवेत, आईने माती वाहिलेला तो तलावही हवा. पण नदीचं पात्र म्हणजे पाणी साठवायची टाकी नव्हे. त्यातली वाळू, तिची वळणं, तिचा तळ यांना हात लावू नये. आपल्या बेसॉल्टच्या खडकात शंभर घनमीटरमागे एक ते तीन घनमीटर एवढंच पाणी सुटण्याजोगं असतं. तो साठा पावसाळ्यात भरतो आणि उपसला की संपतो, खाली कुठलंही अथांग तळं नाही. दोनशे फुटांखाली बोअर नेऊन आपण पुढच्या पिढीचंही पाणी काढत नाही, बहुतेक वेळा शेजाऱ्याचंच काढतो, नाहीतर फुफाटा उडतो. नदीत काही पाणी वाहू दिलंच पाहिजे, मुखापर्यंत. ते खालच्या माणसाचं आहे, मातीचं आहे, मीठ धुण्यासाठीचं आहे.

तुमच्या गावच्या ओढ्यात यंदा यंत्र उतरणार असेल, तर त्याआधी एक काम करा. ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या दोन-दोन विहिरी निवडा, दोरीला दगड बांधून ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजा आणि शाळेच्या फळ्यावर लिहायला लावा. ओढा कधी वाहायचा थांबला ती तारीखही लिहा. विहिरीचं पाणी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेपर्यंत ओढा तुमच्या रानावर वाहतो आहे हे मुलांना दिसेल. एक वर्षाच्या त्या नोंदी ग्रामसभेत वाचा, एखाद्या जुन्या विहीर खणणाऱ्याला शेजारी बसवा, आणि मग ठरवा खोदायचं की नाही.

आणि वाळूचा ट्रक दिसला तर अडवा.